गुणाबाईची चूल आणि नाफ्त्याची गाडी

गुणाबाईची चूल करंजाखाली होती तिथंच राहिली, तर कमलाकर गुप्त्यांचा त्यात काय फायदा होता, ते आधी नीट मांडून ठेवलेलं बरं. म्हणजे पुढं त्यांनी जे केलं, ते त्यांना केवढ्याला पडलं हे कळेल.

पहिला फायदा साखरेचा. गुप्त्यांना मधुमेह निघाला त्या दिवशी सुमतीबाईंनी घरातला साखरेचा डबा असा काही हलवला, की उभी हयात मालगाड्यांमधले दोष शोधण्यात घालवलेल्या माणसालाही तो सापडेना. घरी मिळे तो बिनसाखरेचा चहा. गुप्ते त्याला चहा म्हणत नसत, काढा म्हणत. गुणाबाईच्या ग्लासात मात्र दोन चमचे असत, वर थोडी.

दुसरा फायदा बातम्यांचा. जमिनीपोटी आलेल्या सिडकोच्या पैशातून कोणी बुलेट घेतली, कोणी त्याच पैशात दोन भावांचं तोंड बंद केलं, कळंबोलीच्या नव्या बिल्डिंगीत कोणाच्या नळाला पाणी नाही, हे सगळं गुप्त्यांना चहाबरोबर मिळे आणि रात्री जेवताना ते सुमतीबाईंना असं सांगत, जणू स्टेशनमास्तरांकडूनच कळलंय.

तिसरा फायदा सांगायला जरा नाजूक आहे. पनवेल यार्डात गुप्त्यांना सगळे वचकून असत. गुणाबाई तेवढी त्यांना दटावे. आणि दटावून घ्यायला माणसाला एक जागा लागतेच. तशी ती घरीही होती म्हणा, पण तिथं साखर नव्हती.

गुप्ते वॅगन तपासनीस. गाडी यार्डात थांबली, की तिच्या दोन्ही बाजूंनी चालत जायचं, चाकं-ब्रेक-साखळ्या पाहायच्या, आणि एखादा डबा धड नसला तर त्याच्यावर खडूनं 'सिक' लिहून तो गाडीतून काढायला लावायचा. रेल्वेत डबाही आजारी पडतो, आणि त्याला आजारी ठरवायचा अधिकार गुप्त्यांचा. हा अधिकार त्यांनी कधी कोणाच्या भिडेखातर मोडीत काढला नव्हता. गाडीला तीन तास उशीर होवो, वरून फोन येवोत, गुप्त्यांचा खडू एकदा उमटला की उमटला.

टाक्यांची गाडी आली, की ते आणखी कडक होत. आठवड्यातून दोनदा तरी नाफ्त्यानं भरलेली गाडी आपटा स्टेशनच्या बाजूला जायची. नाफ्ता म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ, स्वभावानं जरा जास्तच तापट. त्या दिवशी गुप्ते लोखंडी हातोडी कपाटात ठेवून पितळी काढत, कारण पितळेची ठिणगी उडत नाही. हाताखालच्या खलाशांच्या, म्हणजे यार्डातल्या कामगारांच्या, चपलांचे तळवे उलटे करून खिळे बघत. इंजिन आणि पहिली टाकी यांच्यामध्ये साधे रिकामे डबे आहेत ना, टाकीच्या बुडाच्या नळाला टोपी घट्ट आहे ना, वरचं झाकण बसलंय ना, आणि सगळ्यात आवडीचा नियम, टाकी काठोकाठ भरलेली नाही ना. उन्हात आतला माल फुगतो; त्याला फुगायला जागा ठेवावी लागते. हा नियम ते येईल त्याला समजावून सांगत. त्यांनी तो गुणाबाईलाही सांगितला, ही त्यांची चूक झाली. त्या दिवसापासून ती त्यांचा ग्लास बोटभर कमी भरू लागली.

"गुणाबाई, हा ग्लास अर्धा आहे."

"अर्धा कसा? फुगाया जागा ठेवली हाय. तुमचाच कायदा."

"चहा फुगत नाही."

"तुमी पिल्यावर फुगताव ना!"

गुणाबाई रोडपालीची. आगरी. नवरा गेलेला, शेत रुळांखाली गेलेलं. यार्डाच्या काटेरी कुंपणाबाहेर, पाच-सहा पावलांवर एक जुनं करंजाचं झाड होतं. त्याच्या सावलीत तीन दगडांची चूल, एक मोठा टोप, एक बादली आणि बसायला रेल्वेनंच टाकून दिलेला लाकडी स्लीपर. "माझ्याच शेताच्या बांधावर बसलेय," असं ती म्हणे, आणि ते खरंही होतं. बांध उरला होता, शेत नव्हतं. तिचं सगळं घर त्या टोपावर चालायचं.

आता गाडी नेमकी कुठं थांबते, ही गोष्ट वरच्या लोकांना वाटते तेवढी सरळ नसते. सुरुवातीला ड्रायव्हर इस्माईलभाई आपलं इंजिन बरोब्बर करंजासमोर आणून उभं करत. उतरलं की चहा. पण गाडी अर्धा किलोमीटर लांब, आणि शेपटाला गार्डाचा डबा. गार्ड आनंदा भोईर तेवढं अंतर खडीवरून तुडवत येई, तोवर टोपाच्या तळाला चहाचा चोथा उरलेला असे. एक दिवस आनंदानं गाडी सुटायची वेळ झाली तरी हिरवी झेंडी दाखवायचंच नाकारलं.

"आधी चहा, मग झेंडी."

"अरे, अजीब आदमी है! चहासाठी गाडी रोखणार?" इस्माईलभाई ओरडले.

"तुम्ही चहासाठीच तर इथं आणून ठोकता!"

भांडण गुणाबाईसमोर आलं. तिनं पळी टोपात ठेवली आणि निवाडा केला. "तुमी दोगं पन माजेच गिऱ्हाईक. गाडीचा पोट माज्या दारात उभा करा. ह्यो तिकडून निम्मा चालल, त्यो हिकडून निम्मा. बोला, कोनाला अन्याव झाला?"

कोणालाच झाला नाही. निवाडा इतका स्वच्छ होता, की गुप्त्यांनीही मान डोलावली. गाडी मधोमध थांबली, की त्यांनाही दोन्ही टोकांना जाताना वाटेत चहा लागे. तेव्हापासून पनवेल यार्डात मालगाडी थांबे ती पोट करंजासमोर ठेवून. नियम कुठंही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कोणी मोडत नव्हतं.

आणि टाक्यांच्या गाडीच्या पोटात काय असतं, हे यार्डातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

कोणाच्या ध्यानात आलं नाही त्याचं कारण साधं आहे. रेल्वेचे नियम कुंपणापर्यंत. आगीचा विचार करायचा तो गाडीतल्या, इंजिनातल्या, खलाशाच्या खिशातल्या. कुंपणाबाहेरची आग ही रेल्वेची आगच नव्हे. उलट कोणी खलाशी टाक्यांजवळ बिडी काढताना दिसला, की गुप्ते गरजत, "यार्डात बिडी? चल, कुंपणाबाहेर हो!" आणि तो बिचारा कुंपणाबाहेर होई, म्हणजे करंजाखाली, गुणाबाईच्या चुलीतलं कोलीत घेऊन, टाक्यांच्या समोर बसून, साहेबांच्या हुकमानं बिडी ओढे.

एक्याण्णव सालचा मे महिना. सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण खडी तापायला लागली होती. टाक्यांची गाडी थांबली होती. गुप्ते पितळी हातोडी घेऊन निम्म्या गाडीपर्यंत आले आणि एका टाकीखाली वाकले. बुडाच्या नळाची टोपी ओली होती. त्यांनी अंगठा लावून नाकाशी नेला. मग खाली पाहिलं. थेंब पडत होते. बारीक, पण एकाला लागून एक. खडीतून ओल वाहत पावसाळी पाण्याच्या चरात उतरली होती. तो चर कुंपणाखालून बाहेर जात होता. चराच्या कडेकडेनं गुप्त्यांची नजर सरकत गेली, आणि जिथं थांबली तिथं गुणाबाई वाकून फुंकणीनं चूल फुंकत होती.

नाफ्त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत उतार धरून चालते. हेही गुप्त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

गुप्ते पळाले. त्यांना पळताना पनवेलात आजवर कोणी पाहिलं नव्हतं. कुंपणाच्या फटीतून जाताना शर्टाची बाही तारेत राहिली. स्लीपरवर इस्माईलभाई बिडी तोंडात धरून काडीपेटी उघडत होते. गुप्त्यांनी ती त्यांच्या हातातून हिसकली आणि बादलीकडे धावले. बादली उपडी होती. सगळं पाणी नुकतंच टोपात गेलं होतं.

मग त्यांनी खिशातला हात पुसायचा सुताचा बोळा टोपाच्या कडांना लावला, टोप उचलला, आणि यार्डाचा सकाळचा सगळा चहा चुलीवर ओतला.

फस्सकन आवाज झाला. राखेचा, आल्याचा आणि जळक्या दुधाचा एक ढग उठला. गुप्त्यांनी पायानं निखारे चिरडले, त्यांच्यावर माती लोटली, आणि तसेच पाय फाकून चुलीवर उभे राहिले.

गुणाबाईचं तोंड उघडं होतं. मग त्यातून आवाज आला.

"अरे मेल्या! तुजं डोकं फिरलाय का? सगली चाय! सगलं दूध! बायकोनं साकर बंद केली म्हनून दुनियेची चाय ओततस?"

साखरेची ही बातमी इस्माईलभाईंना नवी होती. पण ते काही बोलले नाहीत, कारण चहाचा वास विरल्यावर खालून दुसरा वास यायला लागला होता. त्यांनी तोंडातली बिडी काढली आणि एखादी जिवंत वस्तू ठेवावी तशी खिशात ठेवली.

"गुणाबाई," ते म्हणाले, "चूप. वास घे."

गुणाबाईनं वास घेतला. चराकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, हातातल्या फुंकणीकडे पाहिलं. मग ती फुंकणी हळूच स्लीपरवर ठेवली.

पुढचं काम गुप्त्यांच्या रोजच्या शिस्तीनं झालं. टाकीवर चढून वरच्या झाकणातलं चाक फिरवून त्यांनी आतली झडप गच्च बसवली, खालच्या टोपीचे बोल्ट पितळी पान्यानं आवळले, ओल्या खडीवर वाळू टाकली. थेंब थांबले. मग त्यांनी खडू काढला आणि टाकीच्या पोटावर मोठ्या अक्षरात 'सिक' लिहिलं. तो डबा निघेपर्यंत गाडी दुपारपर्यंत खोळंबली. हे सगळं करताना गुप्त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: रिपोर्टात काय लिहायचं.

टाकी गळत होती, ती बंद केली, एवढं लिहिलं तर ते खोटं नव्हतं. रेल्वेचं समाधान झालं असतं, चूल राहिली असती, उद्याचा चहा दोन चमच्यांसकट मिळाला असता. आणि चूल लिहिली, तर ती जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी गुणाबाई त्यांच्या खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही.

"साहेब, तुमी लिवनार?"

गुप्त्यांनी रिपोर्टाचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "लिहावं लागेल, गुणाबाई. आज वाचलो. पुढच्या वेळी माझी पाळी नसली तर?"

तिनं चौकटीला हात टेकला. पदरानं तोंड पुसलं. "मंग लिवा. मी मरले तर मरले, पन माज्या चुलीनं कोनी मराया नको. पन एक. चाय तुमी सांडली, त्ये पन लिवा."

त्यांनी तेही लिहिलं. शिवाय बिड्या ओढायला माणसांना कुंपणाबाहेर आपणच धाडत होतो, हे एक वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं.

आठवड्याच्या आत वरून सेफ्टीचे साहेब येऊन गेले. त्यांनी टेप धरून अंतर मोजलं, गुप्त्यांची पाठ थोपटली, आणि हुकूम निघाला: रुळांपासून शंभर फुटांच्या आत, कुंपणाच्या आत असो की बाहेर, कसलीही आग नको. गाडीनं मधोमध थांबायचं नाही. इंजिन पार पुढच्या खुणेवर न्यायचं. करंजाला एक पत्र्याचा फलक ठोकला गेला. फलकावर पेटत्या काडीचं चित्र होतं आणि त्याच्यावर लाल फुली.

गुणाबाईनं शंभर फूट मागं जायचं म्हटलं, तर रस्ता ओलांडल्यावर सिडकोच्या प्लॉटची भिंत. रोडपालीच्या घरून चहा करून आणायचा, तर येईपर्यंत तो गार. तिनं दोन दिवस आणून पाहिला. लोकांनी भिडेपोटी घेतला आणि भिडेपोटीच अर्धा ठेवला. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

यार्डात कोणी गुप्त्यांना काही म्हटलं नाही. पण आनंदा भोईर त्यांच्या खोलीत येई, रिकाम्या ग्लासाकडे बघे, सुस्कारा सोडे आणि जाई. इस्माईलभाई इंजिनातून हाक मारत, "साहब, जान बचाई, शुक्रिया! अब चाय भी बचाओ!" त्यात थट्टा किती आणि तक्रार किती, हे गुप्त्यांना कळत नसे.

घरी मात्र आनंद होता. डॉक्टरांकडून रक्ताचा रिपोर्ट आला.

"अहो, बघा तरी!" सुमतीबाई कागद नाचवत म्हणाल्या. "साखर कित्ती खाली आलीय! मी म्हणत होते ना, माझ्या चहाचा गुण येईलच. फक्त हा गुण दोन वर्षं कुठं अडकला होता, तेवढं कळत नाही."

"सिग्नल मिळत नसेल," गुप्ते म्हणाले आणि काढा प्यायले.

"आणि तोंड का असं? चांगल्या बातमीला माणूस हसतो."

त्या रविवारी बाजारात त्यांना गुणाबाई दिसली. मिरची गल्लीच्या तोंडाशी, दुसऱ्या कोणाच्या तरी सुक्या जवळ्याची पाटी पुढ्यात घेऊन, उन्हात. रोजावर बसली होती. गुप्त्यांना पाहून तिनं तोंड फिरवलं नाही. तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

"जवला देऊ, साहेब? ह्यो फुगत नाय."

गुप्ते घरी आले आणि परसात जाऊन उभे राहिले. त्यांचा क्वार्टर यार्डाच्या पार टोकाला. मागं भिंत, भिंतीत एक दार, दारातून खडीची वाट. परसात अळूचा वाफा, कपडे वाळत घालायची तार, आणि कोपऱ्यात पाणी तापवायची जुनी चूल. गुप्त्यांनी कपाटातून टेप काढला, भिंतीचं दार उघडलं आणि रुळापर्यंत मोजत गेले. शंभरावर भरपूर फूट उरले. मध्ये पुरुषभर उंचीची भिंत ती वेगळीच. सेफ्टीच्या साहेबांनी स्वतः येऊन शोधली असती, तरी याहून चांगली जागा सापडली नसती.

जागेत एकच दोष होता. ती सुमतीबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती.

गुप्ते टेप हातात धरून बराच वेळ तिथं उभे राहिले. गुणाबाई परसात बसली, की गुणाबाई आणि सुमती बोलणार. आणि गुणाबाईच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना बातम्यांवरून पुरेपूर ठाऊक होतं. दोन वर्षांची सगळी बिनसाखर तपश्चर्या एका सकाळीत उघडी पडणार. न सांगायला काय होतं? ही जागा कोणाच्या डोक्यात आलेली नव्हती. फक्त त्यांच्या आली होती.

आयुष्यभर डब्यांच्या बाबतीत केलं तेच त्यांनी शेवटी केलं. जागा दिसली ना? मग आता न दिसल्यासारखं करता येत नाही.

"सुमती," ते आत येऊन म्हणाले, "परसातली चूल पडूनच असते."

सगळं ऐकून सुमतीबाईंनी विचारलं, "ती चहावाली? जिचा चहा तुम्ही ओतलात?"

"तीच."

"मग यात विचारायचं काय? अहो, बाईचं पोट आहे त्याच्यावर. अळूचा वाफा थोडा सरकवीन मी. तुम्हाला कधीपासून माझी एवढी भीती वाटायला लागली?"

गुप्ते टेप कपाटात ठेवायला वळले. क्वार्टरच्या परसात चहा विकावा की नाही, याचा एक नियम कुठंतरी असणार. पण सुरुवातीलाच स्टेशनमास्तरांना एक कडक ग्लास पोचल्यामुळे तो कोणी शोधला नाही.

सोमवारी पहाटेच गुणाबाई टोप डोक्यावर घेऊन आली. परसाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, सुमतीबाईंनी सारवलेल्या चुलीकडे पाहिलं. "बाय, तुमी देवमानूस," म्हणाली. "साहेब पन बरा हाय. नुसता सांडतो जरा."

दहाच्या सुमाराला गाडी आली. इंजिन पुढच्या खुणेवर गेलं, म्हणजे क्वार्टरच्या जवळ. इस्माईलभाई उतरून भिंतीच्या दाराशी आले, बिड्या-काडीपेटी बाहेर दगडावर ठेवून. राहिला आनंदा, गाडीच्या पार शेपटाशी. भांडण पुन्हा उभं राहायच्या आत गुणाबाईनं एक किटली भरली आणि गुप्त्यांच्या हातात दिली.

"तुमी गाडी बघत शेवटापर्यंत जातावच ना? मंग जाता जाता आनंदाला द्या."

"मी तपासनीस आहे, गुणाबाई."

"मंग तपासत न्या."

गुप्त्यांनी किटली घेतली. परत आले तेव्हा पाय दुखत होते आणि जिभेला दोन चमच्यांची ओढ लागली होती. सुमतीबाई आणि गुणाबाई पाटावर शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि जन्माची ओळख असल्यासारख्या बोलत होत्या. गुणाबाईनं सवयीनं एक ग्लास वेगळा काढला, त्यात साखर टाकली, ढवळली.

"हा वेगळा कोणाचा?" सुमतीबाईंनी विचारलं.

"साहेबाचा. दोन चमचे, वर थोडी. पयल्यापासून तसाच लागतो त्यांना."

इस्माईलभाई दारातच थबकले. तारेवरचा टॉवेल तेवढा हलत होता. सुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गुप्त्यांनी अळूच्या वाफ्याकडे पाहिलं.

"अस्सं," सुमतीबाई म्हणाल्या. "म्हणजे सिग्नल इथं अडकला होता."

गुणाबाईला काय घडलं ते उमगलं. तिनं जीभ चावली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. ती हसली म्हणून सुमतीबाई हसल्या, आणि दोघी हसत असतानाच सुमतीबाईंनी तो ग्लास उचलून इस्माईलभाईंच्या हातात दिला.

"गुणाबाई, आजपासून ह्यांच्यावरही लिहायचं. ते काय लिहितात डब्यावर?"

"सिक, बाय."

"तेच."

गुप्त्यांना दुसरा ग्लास मिळाला. बिनसाखरेचा, आणि वर बोटभर रिकामा.

तर आता शेवटचा हिशेब. रेल्वेनं दिला पत्र्याचा एक फलक. इस्माईलभाईंनी दिल्या बिड्या, त्याही परत न्यायच्या बोलीवर. गुणाबाईनं दिली करंजाची सावली, आणि तिला मिळालं भिंतीआडचं परस व एक मैत्रीण. सुमतीबाईंनी दिला अळूचा अर्धा वाफा, आणि त्यांना रोजच्या बातम्या आता थेट मिळू लागल्या, स्टेशनमास्तरांचं नाव मध्ये न येता. आनंदा भोईरानं काहीच दिलं नाही, त्याला चहा जागेवर आला. बाकी सगळं कमलाकर गुप्त्यांनी भरलं: दोन चमचे, वर थोडी, रोज, निवृत्त होईपर्यंत.